दहावी २०२१: बोर्डाचा एकही पेपर न देता शाळेतून बाहेर पडलेली आमची बॅच

सुपारीची_वाडी

या वर्षी आमच्यातले बीए, बीकॉम, बीएस्सीवाले बरेच जण पदवी घेऊन बाहेर पडतायत, सगळीकडे कॉलेजच्या फोटोंचे स्टेटस चाललेत. मला मात्र हायस्कूलबद्दल लिहायचंय, कारण कॉलेजला निदान शेवट होता, आमचं हायस्कूल मधेच तुटलं. २०१५ ला पाचवीत आलो, २०२१ ला दहावी "पास" झालो आणि त्यातलं शेवटचं दीड वर्ष आम्ही एका वर्गात बसलेलोच नाही म्हटलं तरी चालेल. लोक "कोरोना बॅच" म्हणतात, फुकट पास म्हणतात, आणि कोणी नीट विचारत नाही की झालं काय होतं. म्हणून हा धागा. त्या बॅचचे जे कोणी असाल त्यांनी आपलं आपलं लिहा, लांब झालं तरी चालेल.

माझं सांगते. मी श्रीवर्धनची. मार्च २०२० मध्ये आम्ही नववीत, वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली आणि शाळा बंद. आधी म्हणाले परीक्षा पुढे ढकलली, मग एप्रिलमध्ये रद्दच केली, पहिल्या सत्राच्या मार्कांवर सगळे दहावीत. तेव्हा आम्ही उड्या मारल्या. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. ज्यांनी ते बघितलं नाही त्यांना कसं सांगू कळत नाही, दुपारच्या काही तासांत आजोबांनी लावलेल्या सुपाऱ्या आडव्या, नारळ आडवे, घरांची कौलं-पत्रे उडालेले, शाळेच्या दोन वर्गांवर छप्पर नाही. १५ जूनला राज्यात शैक्षणिक वर्ष ऑनलाईन सुरू झालं आणि आमच्याकडे तेव्हा लाईटच नव्हती, कितीतरी दिवस नव्हती, टॉवर बंद, मोबाईल चार्ज करायला ज्याच्याकडे जनरेटर त्याच्या दारात रांग. पुण्या-मुंबईची मुलं दहावीचे पहिले धडे शिकत होती तेव्हा आम्ही वाडीतली झाडं तोडून बाजूला करत होतो. वर्षभर मग जमेल तसा अभ्यास. परीक्षा २९ एप्रिल २०२१ पासून होती, मी खरंच तयारी केली होती, बालभारतीच्या पीडीएफ वाचून वाचून डोळे गेले पण केली, आणि एप्रिलमध्येच परीक्षा रद्द.

आणि मूल्यमापन कसं, तर १०० पैकी ३० दहावीतल्या वर्षभराच्या लेखी कामाचे, २० तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठाचे आणि ५० नववीच्या निकालाचे. आता बघा, नववीचा निकाल कशावर, तर पहिल्या सत्रावर. म्हणजे आमच्या दहावीचे अर्धे मार्क ऑक्टोबर २०१९ च्या सहामाहीत ठरून गेले होते! विधानसभेच्या निवडणुकीचा महिना तो, गावात भोंग्यांच्या रिक्षा फिरतायत, दिवाळीची सुट्टी लागायचीय, नववीची सहामाही कोण मनावर घेतं? तोच आमचा बोर्डाचा पेपर होता आणि लिहिताना कुणालाच माहीत नव्हतं.

---

लालबागचा_बाळ्या

अगदी अगदी. आमच्या मुंबईत तर दहावीचं अख्खं वर्ष शाळा उघडलीच नाही. नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीचे वर्ग बाकी ठिकाणी सुरू झाले, मुंबईत बंदच, उघडल्या त्या ४ ऑक्टोबर २०२१ ला, तोपर्यंत आम्ही अकरावीत. आमच्या शाळेत दहावीचा वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर, पाचवीपासून बघायचो, वरून ती मोठी पोरं मधल्या सुट्टीत खाली वाकून बघायची, वाटायचं एकदा आपण तिकडे जाणार. नाही गेलो. दाखला आणायला गेलो तेव्हा शिपाई काका म्हणाले खालूनच घे, वर सॅनिटायझेशन चाललंय.

घरी एकच फोन, तो पप्पांचा, आणि आम्ही तिघं भावंडं. पप्पांची नोकरी सुरू झाली तसा फोन सकाळी त्यांच्याबरोबर जायचा आणि रात्री ९ ला घरी यायचा. मग वर्गाच्या ग्रुपवर सकाळपासून पडलेलं सगळं रात्री बसून उतरवायचं, आणि एवढं करून हजेरी मात्र गैरहजर.

---

अंबानगरीचा

अमरावतीचा आहो. आमच्याकडे शाळा उघडली होती ना बाप्पा, आई-बाबाचं संमतीपत्र घेऊन गेलो, एका बाकावर एक पोरगा, वर्ग अर्धा एक दिवस अर्धा दुसऱ्या दिवशी. जिगरी दोस्त दुसऱ्या गटात, त्याची माझी भेटच नाही. सायन्सच्या सरांनी त्या थोड्या दिवसांत सगळे प्रयोग करून दाखवले, म्हणे पुढे काय होईल सांगता येत नाही, आत्ताच बघून घ्या. बरोबर बोलले. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात सगळ्यात आधी लॉकडाऊन आमच्याच इथं लागलं. त्या सरांना मी आजही मानतो.

---

मोगरा_कळी

सहल आठवतेय का कुणाला? आमची नववीची, डिसेंबर २०१९, एसटीची लाल गाडी, रायगड आणि येताना पाली. गाडीत शेवटच्या सीटवर भेंड्या. आमच्या बॅचचा सगळ्यांचा एकत्र शेवटचा फोटो तोच आहे, रायगडावर होळीच्या माळावर काढलेला. निरोप समारंभ नाही, साडी नाही, स्लॅमबुक मी आणून ठेवलं होतं ते कोरंच राहिलं.

---

सुपारीची_वाडी

@मोगरा_कळी साडीचं नको बोलूस, आईची अबोली रंगाची ठरवून ठेवली होती आठवीपासून 😢

---

एकोणीसची_दहावी

वाईट वाटून घेऊ नका पण दुसरी बाजूही लिहितो. मी २०१९ ची दहावी. आमच्या वर्षी अभ्यासक्रम नवीन आणि भाषेच्या तोंडी परीक्षेचे २० मार्क काढून टाकले, राज्याचा निकाल लागला ७७.१० टक्के. पुढच्याच वर्षी ते २० मार्क परत दिले आणि निकाल ९५.३० वर गेला. तुमच्या वर्षी ९९.९५. आता ग्रामीण डाक सेवकाची भरती दहावीच्या मार्कांवर होते, परीक्षा नाही मुलाखत नाही, सरळ मेरिट. मी ६८ टक्केवाला, घासून मिळवलेले ६८, दोन वेळा फॉर्म भरला, माझ्यावर यादीत सगळे ९० च्या वरचे. राग तुमच्यावर नाही, पण तुम्ही सोसलं तसं आम्हीही सोसलंय आणि आमच्या बॅचबद्दल तर कोणी बोलतही नाही.

---

लालबागचा_बाळ्या

दादा तुमचं म्हणणं पटतंय, खरंच अन्याय आहे. पण ९० वाले सगळे आमचेच असतील असं नाही ना. आमच्यात पण सगळ्यांना ढीगभर मिळाले नाहीत. माझ्या वर्गातला एक जण नववीच्या सहामाहीत टायफॉईडने अंथरुणावर, दोन पेपर बुडाले. त्याचं ते आजारपण दहावीच्या गुणपत्रिकेवर कायमचं आहे. दहावीत तो सगळ्यात जास्त अभ्यास करत होता आणि दाखवायला जागाच मिळाली नाही.

---

गणिताच्या_बाई

मुलांनो, मी दहावीला गणित शिकवते, बदलापूरहून मुंबईत शाळेत जाते. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून खातं उघडून लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

निकाल कसा तयार झाला ते सांगते, कारण "शाळेने वाटले मार्क" हे ऐकून आम्हालाही लागतं. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची निकाल समिती होती. जून २०२१, सुरुवातीला लोकलमध्ये आम्हाला प्रवेश नाही, मग बस बदलत बदलत शाळेत जायचं. कपाटातून नववीची जुनी निकालपत्रकं काढायची, धूळ झटकायची, एकेका मुलाचे एकेका विषयाचे मार्क बघून ३०-२०-५० मध्ये बसवायचे, मग संगणकावर चढवायचे, मग पुन्हा ताळा. आमच्या शाळेत त्याच काळात दोन शिक्षक गेले, एक तर निकालाचं काम चालू असताना. त्यांच्या विषयाचं पत्रक त्यांच्या अक्षरातलं होतं, ते हातात घेऊन बसलो होतो आम्ही. आणि त्याआधीच्या वर्षात घरोघरी सर्वेक्षणाला आम्हीच, ऑक्सिमीटर घेऊन "माझे कुटुंब माझी जबाबदारी" करत फिरणारे आम्हीच, आणि रात्री ११ ला तुमच्या चाचण्यांचे अंधुक फोटो झूम करकरून तपासणारे पण आम्हीच.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही सलली. तीस वर्षांच्या नोकरीत मी बघितलंय, मुलांचा एक मोठा गट असतो जो पूर्वपरीक्षेत आपटतो आणि मग जागा होतो. जानेवारी ते मार्च ही मुलं अशी काही अभ्यास करतात की विचारू नका, ४० वरून ७० वर जातात. त्यात मुलगे जास्त. त्या सूत्रात या मुलांसाठी काहीच नव्हतं. ज्यांचा अभ्यास पहिल्यापासून नीट त्यांचं चांगलं झालं, आणि उशिरा पेटणाऱ्यांना पेटायला वेळच मिळाला नाही. @एकोणीसची_दहावी, तुमच्या बॅचलाही मी शिकवलंय, त्या निकालाच्या दिवशी स्टाफरूममध्ये कोणी जेवलं नव्हतं. तुमचं दुःख खरं आहे आणि ते मांडलंत हे बरं केलंत.

---

एकोणीसची_दहावी

धन्यवाद बाई. एवढं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

---

वाशिष्ठी_काठ

आमचं अजून वेगळंच. १६ जुलै २०२१ ला निकाल, दुपारी वेबसाईट बंद पडली ती पडलीच, रात्री कधीतरी कळलं ८८ टक्के. कोकण विभाग १०० टक्के. पेढे वाटले. आणि २२ जुलैला चिपळूणमध्ये पूर. आठवडाही झाला नव्हता. बाजारपेठेत आमचं दुकान आणि वर घर, पाणी पहिल्या मजल्यापर्यंत. माझी पाचवीपासूनची सगळी प्रगतिपुस्तकं, खो-खोची तालुक्याची प्रमाणपत्रं, एलिमेंटरीचं सर्टिफिकेट, चित्रकलेच्या वह्या, विज्ञान प्रदर्शनातल्या मॉडेलचा फोटो, सगळं एका ट्रंकेत होतं आणि ती ट्रंक खाली ठेवलेली. चिखलातून उघडली तेव्हा कागद एकमेकांना चिकटून लगदा झालेला. त्यामुळे हायस्कूलचं माझ्याकडे आज काहीही नाही, शब्दशः काहीही नाही. गुणपत्रिका शाळेतून नंतर मिळाली तेवढीच. मित्रांकडे आहेत ते मोबाईलमधले फोटो मागून मागून जमवतेय. मी जिल्हा परिषदेची शाळा सोडून पाचवीत इकडे आले तेव्हा मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि नववीत मी वक्तृत्वात पहिली आले होते. कागद नाही म्हणून झालं नाही असं नाही ना.

---

मोगरा_कळी

नाहीच मुळी. लिहून ठेव सगळं कुठेतरी, खरंच सांगते.

---

फलटणकर_०५

आमच्या बॅचचा पहिला बोर्डाचा पेपर कोणता सांगा, बारावीचा इंग्रजी, २१ फेब्रुवारी २०२३. आयुष्यात कधी बोर्डाच्या परीक्षेला बसलेलो नाही, हॉलतिकीट बघून हात थरथरतायत, वेळापत्रकापेक्षा भीती नियमांचीच, आणि पेपर उघडला तर कवितेवरच्या प्रश्नात प्रश्नच नाहीत, त्याजागी उत्तरं कशी तपासायची ते छापलेलं! मला वाटलं बोर्डाचा पेपर असाच असतो. खरंच वाटलं. दहावीला बसलेला कोणीही लगेच ओळखेल चूक आहे, आम्ही कसं ओळखणार. शेजारचा रिपीटर होता, त्याने मॅडमना विचारलं तेव्हा कळलं. नंतर बोर्डाने त्याचे ६ मार्क दिले ते सोडा, पण तो अर्धा तास...

आणि तीन तास सलग लिहायची सवय? नववीच्या सहामाहीनंतर सलग लिहिलंच नव्हतं. अकरावीत पण अर्धं वर्ष ऑनलाईन. लिहायचा स्पीड गेला होता, अक्षर गेलं होतं. राज्याचा निकाल त्या वर्षी ९१.२५ लागला. एकही पेपर न दिलेल्या मुलांनी तो लावलाय, हे जे फुकट पास म्हणतात त्यांनी जरा लक्षात घ्यावं.

---

ठाण्याची_आई

माझा मुलगा याच बॅचचा. तो फार बोलत नाही म्हणून मीच लिहिते. अकरावीसाठी सीईटी घेणार म्हणून पुन्हा अभ्यासाला बसला होता, २१ ऑगस्टची तारीख, आणि १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या दिवशी त्याने पुस्तकं उचलून माळ्यावर टाकली आणि म्हणाला आई मला एकदा तरी परीक्षा द्यायचीय गं. सोळा वर्षांचा मुलगा परीक्षा द्यायचीय म्हणून रडतो हे मी पहिल्यांदाच बघितलं. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्या काळात लाखो मुलांना केंद्रावर बोलवणं जोखमीचंच होतं. पण या मुलांना दोनदा तयारी करायला लावून दोनदा उठवलं हे खरं आहे.

---

गोदाकाठ

खूप दिवसांनी लॉगिन केलं. सगळ्यांचं वाचलं, आता माझं.

बीड जिल्हा, गाव सांगत नाही. आमच्याकडं आईबाप दिवाळीच्या आसपास उसाला जातात, कोल्हापूर, सांगली, काही कर्नाटकात, ते उन्हाळ्याला परत. पोरं गावात हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ राहून शाळा करतात. मी आणि माझा दोस्त पाचवीपासून एका बाकावर. गणितात तो माझ्यापुढं होता, मला बीजगणित त्यानंच शिकवलं, आठवीत शिष्यवृत्तीच्या तयारीला सर त्याचं नाव पहिलं घ्यायचे. २०२० ला शाळा बंद, वसतिगृह बंद, आजी वारलेली. मग घरी एकटं ठेवायचं कुठं म्हणून बापानं त्याला बरोबर नेलं. नेलं की हातात कोयता आलाच, १५ वर्षाचं पोरगं फडात रिकामं बसत नसतं. मी मागं राहिलो कारण माझी मावशी गावात होती. एवढाच फरक आमच्या दोघांत.

बोर्डाचे फॉर्म भरायचे होते डिसेंबर-जानेवारीत. सरांनी त्याच्या बापाला फोन लावले, बंद. मी लावले, बंद. त्यांचं पाल, म्हणजे राहायची झोपडी, कुठल्या कारखान्यावर पडलंय तेच कळंना. फॉर्म राहिला. आणि पुढं एप्रिलमध्ये परीक्षाच रद्द झाली, ज्यांचे फॉर्म भरलेले ते सगळे पास. म्हणजे त्यानं काहीही न करता नुसता फॉर्म भरलेला असता तरी आज तो दहावी पास असता. ९९.९५ टक्के म्हणतात तो आकडा फॉर्म भरलेल्यांचा आहे. आमच्या वर्गातले तो आणि अजून तीन पोरी त्या आकड्यात कुठंच नाहीत. त्या पोरींची लग्नं झाली त्याच उन्हाळ्यात, एक तर माझ्या चुलत्याच्या घरची.

निरोप समारंभ नाही झाला याचं वाईट मलाही वाटतं. पण आमच्या बॅचचं काय गेलं असं कोणी विचारलं तर मी ही चार नावं सांगतो.

---

सुपारीची_वाडी

काय लिहू कळत नाहीये. धागा काढताना हे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं, आमच्या कोळीवाड्यातले दोघं पण असेच गळालेत, वादळात होडी गेली म्हणून घरच्यांबरोबर कामाला लागले ते लागलेच. मी मार्कांचं रडत होते. तुझा मित्र आता कुठे असतो?

---

गोदाकाठ

आता ऊसतोडीची टोळी सोडली त्यानं, गावाजवळ पोकलेनवर हेल्पर आहे, चालवायला शिकलाय. कुठं नोकरी बघायला गेलं की दहावी मागतात. मागच्या दिवाळीला म्हणला, आता बसू का रे दहावीला, लोक हसतील का. मी म्हणलं बस. पण कसं ते मला माहीत नाही, शाळेत गेलो तर ते म्हणले वय झालं.

---

गणिताच्या_बाई

वय अजिबात आड येत नाही! १७ नंबरचा फॉर्म भरायचा, खाजगी विद्यार्थी म्हणून. ऑनलाईन भरतात, बोर्डाच्या संकेतस्थळावर, साधारण पावसाळ्यात नोंदणी सुरू होते त्यामुळे जाहिरातीवर लक्ष ठेवा, उशिरा भरला तर शुल्क वाढतं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो लागतो. दाखला शाळेतच असेल तर आत्ताच अर्ज करून काढून घ्या, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको. जवळचं संपर्क केंद्र म्हणजे शाळा निवडावी लागते, तिथे प्रकल्प आणि प्रात्यक्षिकाचं बघतात. गणित मी शिकवेन, रात्री फोनवर शिकवेन, पैसे-बिसे काही नाही. कामाच्या वेळा काय आहेत तेवढं विचारून सांगा.

---

एकोणीसची_दहावी

माझ्याकडे इतिहास-भूगोलाच्या नोट्स आहेत आणि जुने २१ अपेक्षितचे संच पण. पुस्तकं बदलली असतील तर बघावं लागेल, पण पत्ता द्या, कुरिअर करतो.

---

गोदाकाठ

बाई, मेसेज केलाय तुम्हाला. तो रात्री ८ नंतर मोकळा असतो, रविवारी मशीन बंद असली तर दिवसभर. दाखल्याला सोमवारी आम्ही दोघं शाळेत जाणार आहे. त्या तीन पोरींपैकी एकीचा नंबर चुलतीकडून घेतलाय, ती बसंल का तेही विचारतो, तिच्यासाठी पण तोच फॉर्म ना?

---

गणिताच्या_बाई

हो, तोच. लग्नानंतर नाव बदललं असलं तरी फॉर्म दाखल्यावरच्या नावानेच भरायचा, आधारवर वेगळं नाव असेल तर मला आधी सांगा. तिला म्हणावं बाळ लहान असेल तरी चालेल, माझ्या वर्गात पूर्वी एक जण तान्हं घेऊन यायची.